डाव्या चाकाचा भित्रा सांधा

मी बॉल जॉइंट बोलतोय. तुम्ही दचकू नका, दचकायचं काम माझं आहे.

नाव इंग्रजी असलं तरी माझी अंगकाठी साधी आहे. लिंबाएवढा एक लोखंडी गोळा, त्याला एक दांडी, आणि गोळा जिच्यात फिरतो ती वाटी. माणसाच्या खुब्यात हाड बसतं ना, तसाच. वाटीत ग्रीस भरलेलं असतं. ते बाहेर येऊ नये आणि धूळ आत शिरू नये म्हणून वरून रबराचं टोपरं घातलेलं असतं. मी एका ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाला खालून धरून होतो. मी निसटलो की चाक आडवं पडणार आणि गाडी तोंडावर आपटणार. आता सांगा, असलं काम ज्याच्या वाट्याला आलं त्यानं घाबरायचं नाही तर काय नाचायचं?

माझा जन्म वाळूजकडच्या एका कारखान्यात झाला. लालबुंद लोखंडावर घण पडला, मग घासणं, तासणं, तापवणं, निववणं. शेवटी एका यंत्रात अडकवून मला ओढून ओढून पाहिलं. "तुटतोय का बघा," असं तिथले साहेब म्हणाले. जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे! माणसाचं पोर जन्मलं की पेढे वाटतात, आणि आमच्या नशिबी तुटतोय का बघा. तेव्हा छातीत जे धस्स झालं ते आजतागायत गेलेलं नाही.

माझी भीती कुठून येते ते कळायला गाडीची रचना थोडी सांगायला हवी. जुन्या ट्रकांना पुढं एक जाडजूड आख असतो, बैलगाडीला असतो तसाच. दोन्ही चाकं त्या एकाच आखावर. डावं चाक दगडावर चढलं की उजवंही वाकडं होतं, सगळी गाडी डुलते, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. पण तो आख आणि त्याच्या जोडीचे, एकावर एक रचलेले स्प्रिंगचे लोखंडी पाटे असे चिवट की ओझं लादा, आदळा, आपटा, कुरकुर करतील आणि धरून ठेवतील.

आमच्या गाडीत पुढं आखच नाही. ज्याचं त्याचं चाक मोकळं. एक लोखंडी हात वरून आणि एक खालून चाकाला धरतो. वरच्या हाताच्या टोकाला माझा धाकटा भाऊ, खालच्या हाताच्या टोकाला मी. पाट्यांऐवजी पुढं एक लांब सळई आहे, ती ओल्या लुगड्यासारखा पीळ घेऊन चाकाला जमिनीवर दाबून धरते. आम्हा दोघा भावांच्या मधून एक फिरता दांडा चाकापर्यंत जातो आणि पुढच्या चाकांनाही जोर देतो, म्हणून ही गाडी चारही पायांनी चिखलातून, दगडातून वर चढते. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला खबर नसते. बसणारे खूष! पण आखाचं काम मग कुणाच्या बोकांडी बसलं? आमच्यासारख्या लिंबाएवढ्यांच्या. गाडीच्या त्या कोपऱ्याचा सगळा भार माझ्यावर होता.

गाडी घेतली करमाडच्या नानासाहेबांनी. त्यांची थोडी जमीन नव्या कारखान्यांसाठी गेली होती, उरली होती ती नाल्यापलीकडची मोसंबीची बाग. पावसाळ्यात त्या नाल्यात साधी गाडी रुतायची, म्हणून त्यांनी ही चार पायांनी ओढणारी घेतली. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी दुसऱ्याचा जुना, पाट्यांचा ट्रक चालवला होता. गाडी म्हणजे काय, तिला काय लागतं, काय सोसतं, हे सगळं ते त्या ट्रकावर शिकले होते. पुढचं महाभारत त्यातूनच घडलं.

गाडी दारात आली तेव्हा नानासाहेबांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, ओवाळून चाकाखाली लिंबू ठेवलं. अगदी माझ्याएवढंच लिंबू. चाक फिरलं आणि ते फटकन फुटलं. सगळे हसले, माझ्या काळजाचं मात्र पाणी पाणी झालं.

मग नानासाहेबांचा मित्र कडुबा आला. तो पुढून वाकला, खाली डोकावला आणि म्हणाला, "नाना, ह्याला आख कुठाय? नुसते खेकड्याचे पाय दिसायलेत की!"

"आख नसतोच ह्याला," नानासाहेब ऐटीत म्हणाले. "ज्याचा त्याचा पाय मोकळा. एक खड्ड्यात गेला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाय."

"मोकळं ते कधी ना कधी निसटतंय, नाना."

"तुझ्या तोंडाला काय हाड?" नानासाहेब म्हणाले आणि दोघं चहाला गेले. इकडं माझ्या वाटीत कापरं भरलं.

पहिली वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोलू. मोसंबी भरायची, जालना रोडनं औरंगाबादच्या बाजारात न्यायची, रिकाम्या गाडीनं परत यायचं. गाडीत नानासाहेबांच्या डावीकडं नेहमी मनकर्णाबाई. त्यांना एकटं सोडायला तिचं मन घेत नसे. "तुम्ही गप्पात रमता अन् जेवायचं इसरता," म्हणायची. तिची जागा बरोबर माझ्या डोक्यावर. ती पाय वर घेऊन मांडी घालून बसायची, वाटेतल्या प्रत्येक नव्या इमारतीला नाव ठेवायची, शेंगदाणे खायची आणि टरफलं पदरात गोळा करायची. तिचं बसणं मला लगेच कळायचं. मला ती फार आवडायची. आणि जितकी आवडायची तितका माझा जीव टांगणीला लागायचा, कारण मी सुटलो तर गाडी डावीकडंच कलंडणार होती.

दोन हजार बारा साली पाऊस आलाच नाही म्हणा. विहिरीनं तळ दाखवला. नानासाहेबांनी विकतचं पाणी घालून बाग जगवायचा प्रयत्न केला, पण मोसंबी उभ्या उभ्या वाळली. शेवटी ती तोडावी लागली. त्या दिवशी मनकर्णाबाई गाडीत येऊन बसली, कितीतरी वेळ बसून राहिली आणि कुठंच न जाता उतरली. नानासाहेब बागेतून परतले ते पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. बागेतली तेवढीच एक वस्तू घरी न्यावीशी त्यांना वाटली असेल.

मग गाडीवर पाण्याची टाकी चढली. सकाळी एक खेप डोंगराच्या अंगाला असलेल्या वस्तीवर, कारण तिथल्या दगडगोट्यांच्या वाटेवर मोठे टँकर चढत नव्हते. दुपारी एक खेप औरंगाबादेत, मुकुंदवाडीच्या बाजूला. तिकडं शहर असं वाढत होतं की घरं आधी आणि पाण्याची लाइन मागून, नाहीतर येतच नाही. वस्तीवरच्या बायका आणि कॉलनीतल्या बायका, दोघींच्या हंड्यांची रांग मात्र सारखीच.

पाणी म्हणजे मोसंबी नव्हे. मोसंबी जागच्या जागी बसते. पाणी उड्या मारतं. ब्रेक लागला की सगळं पाणी पुढं धावून येतं, धाडकन आदळतं आणि तो धक्का थेट माझ्या मानेवर. पहिल्या दिवशी मला वाटलं, संपलं आता. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. खरं सांगायचं तर एकही दिवस असा गेला नाही की मला तसं वाटलं नाही.

टाकीच्या ओझ्यानं गाडीचं नाक खाली आलं. डोंगराच्या वाटेवर पोट दगडाला घासू लागलं. नानासाहेब गाडी घेऊन फाट्यावरच्या बद्रीनाथ मिस्त्रीकडं गेले. बद्रीनाथनं त्या पिळाच्या सळईचे बोल्ट आवळले आणि गाडीनं नाक वर केलं. "बघा, कशी मर्दासारखी उभी राहिली," तो म्हणाला. गाडी उभी राहिली, पण आमचे हात खाली लोंबले आणि माझी मान कायमची एका बाजूला कलली. रबराचं टोपरं एका अंगानं ताणलं गेलं. दिवसभर मान वाकडी करून डोक्यावर हंडा घ्या, म्हणजे कळेल.

तरी मी निभावलं असतं, जर नानासाहेबांचं गाडीवर इतकं प्रेम नसतं.

जुन्या ट्रकवाल्यांची एक रीत असते. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फेकायचं नाही, त्यात डिझेल मिसळायचं आणि पाट्यांना पाजायचं. पाट्यांना ते मानवतं. गंजत नाहीत, कुरकुरत नाहीत. आमच्या गाडीलाही मागं पाटेच आहेत, आणि नानासाहेब चिंधी बुडवून तेवढ्यांनाच तेल लावत असत. पण आता बाग नव्हती आणि फवारणीचा पंप रिकामा होता. पाडव्याला त्यांनी पंपात जळकं तेल भरलं, पाठीवर घेतला आणि गाडीखाली शिरले. मोसंबीला औषध मारावं तसं, एकही फट सुटू नये म्हणून, पार मागच्या पाट्यांपासून पुढच्या माझ्यापर्यंत त्यांनी सगळं न्हाऊ घातलं. "घे बाई, तुझी तरी तहान भागू दे," असं पुटपुटत होते.

अहो, लोखंडाला तेल चालतं, रबराला ते विष आहे! माझं टोपरं दोन महिन्यांत फुगलं, मऊ पडलं, मग त्याला चिरा गेल्या. चिरांतून वाटेवरची धूळ आत शिरली. माझ्या वाटीतलं चांगलं ग्रीस मातकट झालं, बाहेर येऊ लागलं. शेजारच्या फिरत्या दांड्याच्या टोपऱ्याचंही तेच. तो मला म्हणायचा, "तुझं कितपत गेलं रे?" आणि मी म्हणायचो, "विचारू नको."

मला तोंड नाही. माझं बोलणं म्हणजे आवाज करणं. मी कुरकुरायला लागलो. खड्ड्यात टक, वळणावर कर्र. जीव तोडून ओरडत होतो म्हणा ना. मनकर्णाबाईनं ऐकलं.

"अहो, माझ्या पायाखाली कायतरी कुरकुरतंय."

"तहान लागली आसंल तिला," नानासाहेब म्हणाले. घरी गेल्यावर पंप काढला आणि नेमकं माझ्यावर धरला. तेल आत झिरपलं आणि माझा आवाज बंद. दुसऱ्या दिवशी गाडी गुपचूप चालली. "बघ, गेला का नाय आवाज?" ते म्हणाले. मनकर्णाबाईचं समाधान झालं. मी मनातल्या मनात बोंबलत राहिलो.

असं मग चालूच राहिलं. मी ओरडायचं, त्यांनी मायेनं तेल मारून मला गप्प करायचं, टोपऱ्याला आणखी एक चीर जायची. मधे एक पाऊस बरा झाला, पण पुढची दोन वर्षं पुन्हा कोरडी. टाकी काही गाडीवरून उतरली नाही.

एकदा वस्तीवर सरूबाई नावाच्या म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं. पाईप लावायला वाकली होती, तशीच थांबली. "नानासाहेब, हे चाक तिरपं दिसतंय हो. बैल लंगडायच्या आधी असाच पाय टाकतो."

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता तरी वाचलो.

"आजी, ह्या गाडीचं चाक तिरपंच असतंय," नानासाहेब हसले. "मोकळं असतंय ते. तशी बनावटच हाय तिची."

झालं! आमच्या मोकळेपणाचा त्यांना इतका अभिमान, की माझं ढिलं होणंही त्यांना रचनाच वाटली. त्या दिवशी मला भीतीबरोबर रागही आला. म्हातारी हंडे भरायला लागली.

वस्तीच्या वाटेवर एक वळण आहे. चढताना डाव्या हाताला खोल दरी. त्या वळणावर टाकी भरलेली असायची आणि मनकर्णाबाई दरीच्या बाजूला. रोज सकाळी ते वळण जवळ आलं की मला दुसरं काही सुचायचं नाही. मी वाटीला घट्ट धरून बसायचो. कशानं धरणार, आत ग्रीस नव्हतं, नुसती माती होती. गोळा झिजला होता, वाटीचं तोंड रुंदावलं होतं. एका उन्हाळ्याच्या सकाळी त्या वळणावर चाक एका धोंड्यावरून घसरलं आणि मी वाटीच्या काठापर्यंत आलो. अगदी काठापर्यंत! वर मनकर्णाबाई कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती, ती बोलता बोलता थांबली.

"अहो, हळू! चाक गेल्यावाणी वाटलं."

"जायला ते काय पाखरू हाय व्हय?"

पुढच्या खळग्यानं मला पुन्हा आत ढकललं. कसं, ते माझं मला माहीत नाही. त्यांनी वस्तीवर पाणी वाटलं, भाकरी खाल्ली, खाली आले, पुन्हा टाकी भरली आणि जालना रोडला लागले. मोठ्या रस्त्यावर शेजारून ट्रक, बस सुसाट जात होत्या. मी फक्त म्हणत होतो, इथं नको, इथं नको.

मुकुंदवाडीच्या बाजूला कॉलनीत नवीन लाइनसाठी रस्ता खणून वरवर बुजवला होता. नानासाहेब माणसाच्या चालीनं गाडी वळवत होते. चाक त्या मऊ मातीत उतरलं आणि मी सुटलो.

इतका साधा आवाज झाला. टक. मग चाक आडवं, गाडीचं नाक रस्त्यावर, टाकीचा नळ तुटला आणि पाणी वाहायला लागलं. दारादारांतून बादल्या घेऊन माणसं धावली. अर्धी पाण्याकडं गेली, अर्धी मनकर्णाबाईकडं. तिला कुणीतरी उतरवलं. ओठ फुटला होता, बाकी काही नाही. तिनं पदरानं रक्त पुसलं आणि खाली वाकून त्या आडव्या चाकाकडं पाहिलं.

"सकाळी दरीच्या वळणाला व्हतो आपण," ती म्हणाली.

नानासाहेब फुटपाथच्या कडेला बसले. एका पोरीनं पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी न पिता बाजूला ठेवला आणि मनकर्णाबाईचा पदर धरून ठेवला. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. वाटलं, आता यांना कळेल.

बद्रीनाथ आला. त्यानं मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं, बोटानं वाटी पुसली. "नानासाहेब, रबर गेलंय. आत टिपूसभर ग्रीस नाय. पार कोरडा पडला व्हता."

"कोरडा?"

"कोरडा ठणठणीत. ह्या असल्या रस्त्यांनी कुणाचं रबर टिकायलंय?"

रस्त्यांवर खापर फुटलं, आणि रस्तेही तसे होतेच, म्हणून कुणी पुढं काही विचारलं नाही. माझ्या जागी नवा बॉल जॉइंट बसला. कोरं काळं रबर, आत पिवळं ग्रीस. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण बद्रीनाथच्या हातोड्याच्या आवाजात मला त्याच्याशी बोलता आलं नाही.

मला भंगारात टाकलं नाही. मनकर्णाबाई म्हणाली, "ह्यानं दरीला नाय सोडलं, सपाटीला सोडलं. राखलं आपल्याला." तिनं मला घरी आणून ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवलं. मी राखलं वगैरे काही नाही हो, मी नुसता घाबरत होतो. पण ती ऐकते कुठं?

आज खंडेनवमी आहे. यंदाही पाऊस नाही, टाकी गाडीवरच आहे. सकाळी मनकर्णाबाईनं विळा, कोयता, पाना ओसरीवर मांडले, मलाही मधे बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. इथून अंगण सगळं दिसतं. नानासाहेब त्या दिवसापासून बदललेत. रोज गाडी काढायच्या आधी पुढच्या डाव्या चाकाला लाथ मारून बघतात, वस्तीचं वळण आलं की देवाचं नाव घेतात असं मनकर्णाबाई शेजारणीला सांगत होती. आधी मी एकटाच घाबरायचो. आता ते माझ्याहून जास्त घाबरतात.

आणि घाबरलेला माणूस काय करतो? त्याला जे येतं तेच दुप्पट करतो. पूजा झाली तसा त्यांनी पंप काढला. आधी आवाज आला की तेल मारायचे, आता दर आठवड्याला मारतात. कोरडं पडू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलंय. मी कोनाड्यातून जीव खाऊन ओरडतोय, नको हो नको, पण मी काय आणि कोयता काय, दोघंही मुकेच.

ते गाडीखाली शिरले. मनकर्णाबाई तेलाचा डबा धरून वाकली आणि म्हणाली, "अहो, माझ्या बाजूला जरा जास्त मारा."

"मारतो की. तुझ्याचसाठी तर मारायलोय," ते खालून म्हणाले. त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मला रडू आलं.

तुम्ही कुणी जालना रोडनं जात असाल, तर करमाडला थोडं थांबा. नानासाहेबांचं घर कुणीही दाखवेल. त्यांना सांगा, मागच्या पाट्यांना हवं तितकं तेल पाजा, पण पुढं, जिथं पाय मोकळे आहेत आणि रबर आहे, तिथं थेंबही नको. ते चिडतील, "मला गाडी शिकवता व्हय?" म्हणतील. म्हणू द्या. चहाही देतील, तो घ्या आणि पुन्हा सांगा. मनकर्णाबाईला आधी सांगितलंत तर आणखी बरं.

जमलं तर आजच सांगा. तिनं आत्ताच दार ओढून घेतलंय, शेंगदाण्याची पुडी मांडीवर ठेवलीय. गाडी फाटकातून बाहेर पडली, वस्तीच्या रस्त्याला लागली. मी कान देऊन ऐकतोय. टक नाही, कर्र नाही, कसलाच आवाज येत नाहीये.